वऱ्हाडांतील घरें आणि तीं बांधणारे

अमरावतीस किंवा अकोल्यास एखाद्या मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या घरीं सायंकाळीं बसावयास गेलें, तर पूर्वीं बोलणें कपाशीच्या भावापासून निघे आणि उन्हाळ्याच्या काहिलीवर येऊन थांबे. अलीकडे त्यांत तिसऱ्या एका विषयाची भर पडली आहे. पाहुण्याची नजर स्वयंपाकघरांतील अर्धवट लागलेल्या कपाटांकडे गेली कीं यजमान 'इंटीरियरवाल्या'ची हकीकत सांगूं लागतात. आगाऊ रक्कम किती दिली, काम किती महिन्यांत पुरें व्हावयाचें ठरलें होतें, प्रत्यक्ष किती महिने लोटले, होळीला म्हणून गांवीं गेलेले सुतार आषाढ आला तरी कसे परतले नाहींत आणि कंपनीचा माणूस फोन उचलण्याचें कसें टाळतो, हें सर्व क्रमानें येतें. शेवटीं घरांतील बाईसाहेब सांगतात कीं चित्रांत दाखविलेला रंग हा नव्हेच.

अशा हकीकती आम्हीं पुष्कळ ऐकल्या आहेत व त्यांतील एक आमच्या स्वतःच्या घरीं घडलेली आहे. तथापि तक्रारीचा भाग क्षणभर बाजूस ठेवून या व्यवहाराचा पूर्वेतिहास पाहावा असें आमच्या मनांत आलें. घरधनी आणि घर बांधणारा यांचें नातें वऱ्हाडांत पूर्वीं कसें होतें, तें केव्हां व कशामुळें पालटलें, आणि फसगत झाल्याची जी भावना आज घरोघर दिसते तिचें मूळ केवळ माणसांच्या लबाडींत आहे कीं आणखी कोठें, हा प्रश्न आम्हांस साधा वाटत नाहीं. माणूस आपल्या आयुष्याची शिल्लक ज्या एका कामांत घालतो, त्याविषयीं आपल्या भाषेंत लिहिलें मात्र फार थोडें गेलें आहे. राजांचे किल्ले आणि देवांचीं मंदिरें यांचा इतिहास आहे. ओसरी, माजघर आणि न्हाणी यांचा नाहीं.

वऱ्हाडांत गांवाची पहिली वांटणी मातीनें केलेली आहे. शेताची ती काळी आणि गांवठाणाची ती पांढरी. घरें पांढरीवर बांधण्यांत सुपीक जमीन वांचविण्याचा हेतु होताच; पण तेवढाच नव्हता. आमच्याकडील काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखांत इतकी आकसते कीं तिच्या भेगांत हात जावा. तिच्यावर उभी केलेली भिंत तिच्याबरोबर वरखालीं होते. पांढरी माती तशी हालत नाहीं. शिवाय तीच भिंतीस, धाब्यास आणि लिंपणास उपयोगी पडे. हें ज्ञान कोणत्याही ग्रंथांत नव्हतें. तें गांवाच्या जागेंतच होतें, आणि ती जागा सोडून घर बांधण्याचा प्रसंगच येत नसल्यामुळें कोणास तें शिकावेंही लागत नसे.

गांवचें घर मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतींचें, खणांनीं मोजलेलें, वर धाबें अगर कवेलू असलेलें. कवेलू कुंभारानें भाजावेत, चौकटी व तुळया वाढयानें घडाव्या, दगडाचें काम असल्यास बेलदारानें करावें. सुतारास आमच्याकडे वाढई म्हणतात. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या पुस्तकांत बलुत्याच्या पद्धतीचें जें वर्णन आहे तें मुख्यतः देशावरचें. परंतु वऱ्हाडांतील व्यवहारही जातीनें तोच होता. नांगर, वखर, तिफण यांच्या दुरुस्तीबद्दल वाढयास खळ्यावर धान्य मिळे, आणि नवें घर निघालें तर त्याची मजुरी वेगळी ठरे. महत्त्वाची गोष्ट ही कीं घर बांधून झाल्यावर वाढई कोठें जात नसे. त्यानें ओलें लांकूड वापरलें असेल तर दोन पावसाळ्यांनंतर वांकलेल्या दारासमोरून त्यासच रोज जावें लागे, आणि त्याचा मुलगा त्याच दाराच्या मालकाच्या मुलाबरोबर विहिरीवर पोहत असे. लेखी करार नव्हता; पण वाईट काम करून निसटावयास वाटही नव्हती.

आणखी एक गोष्ट आजच्या वाचकाच्या ध्यानांत सहज येणार नाहीं. त्या काळीं घर 'पुरें झालें' असें कोणी म्हणत नसे. मृगापूर्वीं कवेलू फेरावयाचे, धाब्यावर नवी माती दाबावयाची, दिवाळीपूर्वीं भिंती पोतारावयाच्या, जमीन तर दर आठ दिवसांनीं सारवावयाची. कपाट म्हणजे भिंतींतील फडताळ, मांडणी म्हणजे कोनाडा, आणि ज्यास आज गृहसजावट म्हणतात ती घरांतील स्त्रियांच्या हातांत होती. पांढऱ्या मातीचा हात कसा फिरवावा, ओट्याची कड गेरूनें कशी ओढावी, ही विद्या सासूकडून सुनेकडे जाई. तिला मोबदला नव्हता आणि मानही, खरें बोलावयाचें तर, बेताचाच होता. जुन्या घरांची गोडी गाणारे लेखक हे श्रम सोयिस्करपणें विसरतात. तीन खणांच्या अंधाऱ्या घरांत धुरानें डोळे गमावलेल्या बायका आम्हीं पाहिल्या आहेत, आणि धाब्याची माती पावसाळ्यांत अंगावर कोसळून दगावलेल्या माणसांच्या आठवणी प्रत्येक गांवीं आहेत.

कारागिराविरुद्ध तक्रार त्या काळीं नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. सोनार, शिंपी व कुळकर्णी यांच्या संगतीपासून दूर राहावयास सांगणारी जी म्हण महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, तींत सुताराचें व गवंड्याचें नांव नाहीं हें खरें. परंतु तें बहुधा यमक जुळेना म्हणून गळलें असावें. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें श्यामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं लागली व १९०९ सालीं ती छापून निघाली. तिच्यांतील कंटकशोधन या चौथ्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय कारूंपासून लोकांचें रक्षण कसें करावें याविषयीं आहे. काम कोठें, किती मुदतींत व कोणत्या प्रकारचें करावयाचें हें ठरवून घ्यावें. मुदत चुकविणाऱ्याच्या मजुरींतून चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. सांगितलें त्याहून निराळेंच करून ठेवल्यास मजुरी सगळीच बुडावी व शिवाय दुप्पट दंड व्हावा, असें तेथें सांगितलें आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्यानें हे नियम लिहिले, त्याच्या घरींही सुतार बोलावल्या दिवशीं येत नसला पाहिजे. 'कारू' हा शब्द पुढें आमच्या गांवगाड्यांत 'कारूनारू' या जोडशब्दांत टिकला, नियम मात्र टिकले नाहींत; गांवांत त्यांची जागा ओळखीनें व भिडेनें घेतली.

शहरांतील गोष्ट याहून वेगळी. अमरावतीचा दगडी परकोट निजामाच्या अमलांत १८०७ सालीं बांधावयास घेतला, तो पेंढाऱ्यांच्या भयापासून तेथील सावकार-व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून. घेर सुमारें सव्वादोन मैल, दरवाजे पांच आणि खिडक्या चार. या भिंतीच्या आंत जी संपत्ति सांठली तिची कल्पना एका गोष्टीवरून येईल. १८४२ सालीं येथील एका व्यापाऱ्यानें लाख बैलांवर कापूस लादून खुष्कीच्या मार्गानें कलकत्त्यास पाठविला, असें जुन्या गॅझेटियरांतून नमूद आहे. अशा धनिकांनीं परकोटाच्या आंत एकास एक खेटून वाडे उठविले. जागा थोडी म्हणून ते वर चढले. बाहेरून भिंत कोरी, आंत चौक, चौकाभोंवतीं सागाचे खांब. साग मेळघाटाचा. तो एलिचपूर-परतवाड्याच्या वाटेनें खालीं येई, आणि परतवाड्याचें लांकडाच्या पेठेचें नांव अजून गेलेलें नाहीं.

कारंजा आज वाशीम जिल्ह्यांत मोडतें, पण १९९८ पर्यंत तें अकोला जिल्ह्यांतच होतें. तेथील 'कस्तुरीच्या हवेली'ची दंतकथा वऱ्हाडांत कोणास ठाऊक नाहीं? एक परदेशी व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून तेथें आला. त्या वेळीं तेथील एका शेटजीच्या हवेलीचें काम चाललें होतें. एवढी कस्तुरी या गांवांत कोण घेणार, असें व्यापारी कुचेष्टेनें म्हणाला. तेव्हां शेटजीनें ती सगळी विकत घेऊन भिंतीच्या चुन्यांत ओतावयास सांगितली, आणि मोल कोणत्या बादशहाच्या नाण्यांत हवें असें उलट विचारलें. कथा खरी असो वा नसो, तींत एक बारकावा आहे व तो आम्हांस श्रीमंतीच्या वर्णनाहून अधिक मोलाचा वाटतो. शेटजी स्वतः बांधकामावर उभे आहेत. चुना त्यांच्या डोळ्यांदेखत कालविला जात आहे, आणि त्यांत काय पडावें हें तेच ठरवीत आहेत.

वाडे असेच बांधले जात. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर काम अमानींत होई, मक्त्यानें नव्हे. लांकूड मालकानें उन्हाळ्यांत घेऊन ठेवावें व एक-दोन वर्षें वाळूं द्यावें. चुनखडी मालकानें भाजून आणावी. दारापुढें चुन्याची घाणी मांडून बैलाकडून ती मळवावी. तींत गुळाचें पाणी, बेलफळाचा गर, हिरडा काय घालावयाचें तें मिस्त्रीच्या सांगण्यावरून मालकानेंच आणून द्यावें. मिस्त्रीस व गड्यांस रोज मिळे. काम लांबलें तर खर्च वाढे, आणि तो सगळा मालकाच्या माथीं. या पद्धतींत मालक लुबाडला जात नसे असें नाहीं; गड्यांचे खोटे रोज मांडणारे कारभारी त्या वेळींही होते. परंतु भिंतीच्या पोटांत काय आहे हें मालकास ठाऊक असे. दाराची चौकट उभी राहिली त्या दिवशीं सुतारास धोतरजोडी मिळे, वास्तुशांतीस मिस्त्रीस फेटा बांधला जाई, आणि जुना वाडा उतरविला तर त्याचें एकूणएक लांकूड मोजून नव्या कामांत घेतलें जाई. या शेवटच्या गोष्टीकडे आम्हांस पुढें पुनः यावयाचें आहे.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कपाशीस सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली; अकोला तिच्या वाटेवर आलें, अमरावती थोडी बाजूला राहून बडनेऱ्याच्या फांट्यानें जोडली गेली. या तीन घटनांचा परिणाम शेतीवर व व्यापारावर काय झाला हें पुष्कळांनीं लिहिलें आहे. घरांवर झालेला परिणाम तितकाच खोल होता. मंगळूर येथें बासेल मिशनानें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला होता; तीं चपटीं कौलें आगगाडीनें वऱ्हाडांत आलीं आणि लोक त्यांस 'इंग्रजी कवेलू' म्हणूं लागले. मागोमाग नालीदार टिनाचे पत्रे आले, लोखंडी गर्डर आले, रंगीत कांचा आल्या. कुंभार, बेलदार आणि चुन्याची घाणी यांचें काम हळूहळू सुटलें. घर ज्या मातीवर उभें आहे त्या मातीचें तें असावयाचें, हा नियम प्रथमच मोडला, आणि सामान कोठून, काय भावानें आणावें हें घरधन्यापेक्षां दुसऱ्या कोणास अधिक कळूं लागलें.

तो दुसरा माणूस म्हणजे कंत्राटदार. पूल, कचेऱ्या, तुरुंग, स्टेशनें हीं सरकारी कामें मोजमापावर व निविदा मागवून दिलीं जात. त्यांवर काम केलेले लोक पुढें खासगी घरेंही तशाच रीतीनें घेऊं लागले. १८७२ सालीं कराराचा कायदा झाला. करारभंगाची भरपाई कशी ठरवावी हें त्याच्या ७३ व ७४ या कलमांत सांगितलें आहे. घरधन्याचा यांत मोठा लाभ होता. अमानीच्या कामास अंत नसे. मक्त्यास आंकडा होता. नोकरदार, वकील, डॉक्टर असा जो नवा वर्ग अमरावतीच्या कॅंपाकडे बंगले बांधूं लागला त्यास दिवसभर घाणीजवळ उभें राहणें शक्य नव्हतें. त्यानें आंकडा पत्करला आणि देखरेख सोडली. आमच्या मतें या व्यवहाराच्या इतिहासांतील खरें वळण हें होय. पुढें जें झालें तें या वळणाचेंच लांबण आहे.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत ही गोष्ट विचारी लोकांच्या ध्यानांत आलेली दिसते. पुण्याचे इंजिनियर आर. एस. देशपांडे यांनीं मध्यम वर्गासाठीं घरबांधणीवर इंग्रजींत अनेक पुस्तकें लिहिलीं. त्यांतील 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' हें १९३९ सालचें. १९३७ सालीं मुंबईच्या टाऊन हॉलांत भारतीय वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेनें आदर्श घराचें प्रदर्शन भरविलें, आणि दिवाणखाना कसा मांडावा, स्वयंपाकघरांत ओटा कोठें असावा हें लोकांनीं तिकीट काढून पाहिलें. खोलीची आंतील मांडणी हा एका वेगळ्या तज्ज्ञाचा विषय आहे ही कल्पना आपल्याकडे तेथून रुजली असें म्हणावयास हरकत नाहीं. देशपांडे यांच्यासारख्यांचा रोख मात्र उलट होता. घरधन्यानें स्वतः चार गोष्टी शिकाव्या, नकाशा वाचावा, म्हणजे त्याला कोणी फसवणार नाहीं, अशी त्यांची श्रद्धा. तीं पुस्तकें आतां रद्दीच्या दुकानांत मिळतात; आम्हांस एक अकोल्यास मिळालें.

सिमेंटचा काल त्यानंतर आला व बराच वेळ तो टंचाईचा काल होता. परवान्यासाठीं अर्ज करावा, कचेरींत हेलपाटे घालावे, मिळालेलीं पोतीं गादीखालीं ठेवावीं तशीं जपावीं. सिमेंटच्या वांटपाच्या प्रकरणीं उच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर १९८२ च्या जानेवारींत राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला, यावरून त्या पोत्यांचें वजन ध्यानांत येईल. त्याच वर्षीं नियंत्रण अंशतः उठलें आणि १९८९ सालीं पुरतें गेलें. मग शहरें पसरूं लागलीं, आणि पसरलीं तीं काळीवर. कालपर्यंत जेथें कपाशी व तूर होती तेथें चुन्याच्या रेघा मारून भूखंड पडले व त्यांस 'ले-आउट' हें नांव मिळालें. पांढरी सोडून वऱ्हाडी माणूस प्रथमच काळ्या जमिनीवर राहावयास गेला. अशा जमिनींत पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, किंवा रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें काळ्या मातीसाठीं सिद्ध केलेले, तळाशीं फुगीर असे खुंट घालावे लागतात. पाया जमिनींत पुरला जातो. तो किती खोल गेला हें पाहावयास मालक त्या दिवशीं हजर असला तर ठीक. नसला, तर तिसऱ्या उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी भेग निघते आणि तींत दरवर्षीं पुट्टी भरली जाते. पूर्णेच्या कांठच्या खारपाणपट्ट्यांत तर विहिरीच्या खाऱ्या पाण्यानें बांधकाम केलें कीं गिलाव्यास लोणा लागून तो हातानें झडतो. अकोल्याकडील कांहीं घरांत कमरेपर्यंतच्या भिंतीवर फरशा लावलेल्या दिसतात. त्या शोभेसाठीं आहेत असें पाहुण्यास वाटतें.

आजची गृहसजावटीची कंपनी या परंपरेंतील शेवटची पायरी. तिचें मुख्य द्रव्य म्हणजे प्लायवुड. हिंदुस्थानांत हा धंदा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आसामांत चहाच्या पेट्यांसाठीं निघाला, आणि आज आपण कपडे, भांडीं व पुस्तकें त्याच जातीच्या पेट्यांत ठेवतों असें म्हटलें तर रागावूं नये. भारतीय मानकांप्रमाणें साधारण कामाचें प्लायवुड 'आयएस ३०३' या क्रमांकाचें व पाण्यास टिकणारें 'आयएस ७१०' या क्रमांकाचें. अंदाजपत्रकांत ७१० लिहावें आणि आंत ३०३ बसवावें, ही युक्ति इतकी सोपी आहे कीं ती न करणाऱ्याचें कौतुक वाटावें; कारण एकदां वर सनमायका चिकटला कीं आंत काय आहे हें ब्रह्मदेवासही दिसत नाहीं. पूर्वीं चुन्यांत काय पडतें तें शेटजी पाहत होते. आतां घरधन्यास जें दाखविलें जातें तें संगणकावरचें चित्र असतें: खिडकींतून कोंवळें ऊन येत आहे, टेबलावर सफरचंदें आहेत. अकोल्याच्या मे महिन्यांत खिडकींतून जें ऊन येतें तें त्या चित्रकारानें पाहिलेलें नसतें.

आमच्या एका अकोल्याच्या स्नेह्यांची गोष्ट यासंबंधीं सांगण्याजोगी आहे. त्यांच्या घराचा सर्व आराखडा पुण्याच्या पद्धतीनें उत्तम झाला होता. फक्त कूलरला खिडकी ठेवलेली नव्हती. ही गोष्ट चैत्रांत लक्षांत आली. मग छताखालचें दुसरें छत कापून वाट काढावी लागली, आणि चार महिने कूलरची ओल खाऊन नव्या कपाटांच्या कडा पोळीसारख्या फुगल्या. कंपनीचें म्हणणें असें कीं हा वापराचा दोष आहे. तें अगदींच खोटें नव्हतें. परंतु वऱ्हाडांत घराचा वापर असाच होतो, हें जाणून घेणें कोणाचें काम होतें?

आमची स्वतःची गोष्ट थोडक्यांत सांगतों. परकोटाच्या आंतील आमचें वडिलोपार्जित घर जुनें झालें होतें. दोन खोल्या व स्वयंपाकघर नवें करण्याचें काम आम्हीं एका कंपनीस दिलें. तिचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. काम वाईट झालें नाहीं. दोन महिने उशीर झाला तोही सोसण्याजोगा होता. परंतु माजघराची सागाची चौकट, जिच्या खालच्या उंबऱ्यास आमच्या आजीच्या पायांनीं खळगा पडला होता, ती एके दिवशीं आम्ही कचेरींतून परत आलों तों नव्हती. विचारतां करारपत्राचें एक कलम दाखविण्यांत आलें: निघालेलें जुनें सामान ठेकेदाराचें राहील. त्याखालीं सही आमचीच. चौकट मातीच्या ढिगाऱ्याबरोबर त्याच ट्रकांत गेली होती, आणि जुन्या सागाचा भाव ज्यास ठाऊक आहे त्यास ती ढिगाऱ्यांत टाकली गेली नसणार हें सांगावयास नको. पूर्वीं जुन्या वाड्याचें लांकूड मोजून घेतलें जाई असें आम्हीं वर लिहिलें तें वाचून नव्हे. आमच्या घराच्या कित्येक तुळया अशाच दुसऱ्या कोणत्या तरी वाड्यांतून आलेल्या होत्या, व त्यांवर जुन्या खांचा स्पष्ट दिसत. तें सर्व ठाऊक असून आम्हीं कलम वाचलें नाहीं. दरफुटाचा आंकडा तेवढा तीनदां वाचला होता.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. याच कामावर एक प्रौढ राजस्थानी सुतार होता. वरच्या तुळईचा सांधा पाहून तो शिडीवरच थांबला, बोटांनीं चांचपून म्हणाला, हा खिळ्यावांचून धरला आहे, याला हात लावूं नका. कंपनीच्या पर्यवेक्षक मुलास तो सांधा काय आहे हें कळलें नाहीं, पण त्यानें म्हाताऱ्याचें ऐकलें. तुळई वांचली. त्या सुतारास कंपनीकडून रोज काय मिळत होता तें आम्हीं विचारलें असतां त्यानें जो आंकडा सांगितला, तो आमच्या अंदाजपत्रकांतील सुतारकामाच्या दरांशीं ताडून पाहतां आम्हांस दोघांचीही लाज वाटली. घरधनी व कारागीर यांच्यामध्यें जो तिसरा येऊन बसला आहे, त्याच्यामुळें एकास महाग पडतें आणि दुसऱ्यास स्वस्त राबावें लागतें. मात्र तो तिसरा नसता तर आमच्या नोकरीच्या धबडग्यांत काम झालेंच नसतें, हेंही कबूल केलें पाहिजे.

कायद्याचें साह्य आज पूर्वींपेक्षां अधिक आहे. १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. १९९३ च्या दुरुस्तीनें घरबांधणी ही त्यांत स्पष्टपणें 'सेवा' ठरली, आणि त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत तोच अर्थ उचलून धरला. २०१६ चा स्थावर संपदेचा कायदा महाराष्ट्रांत २०१७ च्या मेपासून प्राधिकरणासह चालूं लागला, व इमारतींतील रचनेचे दोष पांच वर्षांच्या आंत निघाल्यास ते बिल्डरानें विनामूल्य दुरुस्त करावे असें बंधन आलें. पण तें बंधन घर बांधून विकणाऱ्यावर आहे. आपल्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यास किंवा राहतें घर सजवून घेणाऱ्यास त्याचा उपयोग नाहीं. त्यानें ग्राहक आयोगाकडेच गेलें पाहिजे. २०१९ च्या नव्या कायद्यानें तक्रारदारास आपल्या राहत्या ठिकाणींच दावा लावण्याची मुभा दिली, ही सुधारणा लहान शहरांतील लोकांस फार मोलाची आहे. कंपनी मुंबईची असली तरी अमरावतीच्या माणसानें आतां अमरावतींतच दाद मागावी. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असली तर जिल्हा आयोग पुरे. आयोगापुढें प्रश्न विचारले जातात ते मात्र कौटिल्याचेच: काम कोठें, किती मुदतींत आणि कोणत्या प्रकारचें ठरलें होतें, व त्याचा कागद कोठें आहे. आमचे अकोल्याचे स्नेही येथेंच अडले. त्यांच्याजवळ चित्र होतें, आंकडा होता. प्लायवुडचा क्रमांक कोठेंच लिहिलेला नव्हता.

आमच्या आजोबांनीं घराचें काम काढलें तेव्हांची हिशेबाची वही आमच्याजवळ आहे. ती मोडींत असल्यामुळें आम्हांस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. रोजच्या रोज किती गडी आले, गुळाच्या किती भेल्या लागल्या, कोणत्या दिवशीं बैल आजारी पडून घाणी बंद राहिली, तें सर्व तींत आहे. मिस्त्रीशीं झालेली एक तक्रारही आहे: जिन्याची पायरी बोटभर उंच झाली म्हणून दोन दिवसांचा रोज धरून ठेवला, पुढें दिला. ती पायरी अजून उंच आहे, व नव्या माणसास तेथें ठेंच लागते. वही घर बांधून झाल्यावर संपत नाहीं. त्यापुढें प्रत्येक ज्येष्ठांत कवेलू फेरल्याची नोंद आहे, बहुतेक त्याच दोन-तीन नांवांनीं, आणि मग एका वर्षीं नांव बदलून 'त्याचा मुलगा' असें लिहिलेलें आहे.